पस्तीच्या गठ्ठ्यातला ‘श्री’: कॉम्प्युटरचा जुना इतिहास जपायचा म्हणजे नेमकं काय?

दांडिया बाजारातला आमचा जुना वाडा पाडून नवी इमारत बांधायचं ठरलं आणि घरोघरचे माळे रिकामे व्हायला लागले. शेजारच्या काकांच्या दारात पस्तीवाला तराजू मांडून बसला होता. (बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे रद्दीला पस्ती म्हणतात.) वर्तमानपत्रांचे गठ्ठे संपले आणि एक लांबट खोकं निघालं. आत जाड, गुळगुळीत कागदाची कार्डं, प्रत्येकावर बारीक चौकोनी भोकं. पस्तीवाल्याने एक कार्ड बोटांनी वाकवून पाहिलं आणि खूश होऊन म्हणाला, “काका, आ तो सारो कागळ छे!” (हा तर चांगला कागद आहे!)

काका म्हणाले, “अगं, जाऊ दे. आता कोणाला कळणार आहे ते?”

काका एका कारखान्याच्या ईडीपी विभागात होते. ईडीपी म्हणजे ‘इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग’. कॉम्प्युटर विभागाला तेव्हा हेच नाव होतं. ते आता ८१ वर्षांचे आहेत. खोकं मी उचलून घरी आणलं आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. एआयच्या बातम्या रोज येतात, पण हे सगळं जिथून सुरू झालं तो काळ आपल्या शेजारच्या घरांतून वजनावर विकला जातोय.

यंत्र काचेत ठेवलं की झालं, नाही का?

नाही. बडोदेकरांना हे संगीतावरून चटकन कळेल. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली गायक मौलाबक्ष यांच्या हाती गायनशाळा सोपवली. मौलाबक्षांनी स्वरलिपी बसवली, बंदिशी कागदावर आणल्या आणि त्यामुळे त्या टिकल्या. पण कुठल्या स्वरावर किती रेंगाळायचं आणि सम कशी गाठायची, हे कागदावरून येत नाही. त्याला गुरूसमोर बसावं लागतं.

कॉम्प्युटरचंही तसंच आहे. यंत्र म्हणजे तंबोरा. त्याची माहितीपुस्तकं, नकाशे आणि प्रोग्रॅम, म्हणजे यंत्राने काय करायचं याच्या लेखी सूचना, ही झाली स्वरलिपी. आणि जो माणूस ते यंत्र रोज सुरू करायचा, बंद पडलं की दुरुस्त करायचा, तो गुरू. संग्रहालयात बहुतेकदा तंबोराच पोचतो. कागद पस्तीत जातात. आणि माणसाला कोणी विचारतच नाही.

भोकांची लिपी

आता ते कार्ड जरा जवळून पाहू. जुन्या पोस्टकार्डापेक्षा लांब आणि किंचित अरुंद. त्यावर उभे ८० रकाने आणि आडव्या १२ ओळी. वरच्या दोन ओळींना १२ आणि ११ म्हणायचे, त्यांच्या खाली ० ते ९. एका रकान्यात एक अक्षर बसतं. अंक असेल तर एकच भोक, अक्षर असेल तर दोन. एका कोपऱ्याला तिरका काप असतो, गठ्ठ्यात एखादं कार्ड उलटं शिरलं तर लगेच दिसावं म्हणून.

काकांनी सांगितलेली पद्धत अशी. प्रोग्रॅम आधी आखीव कागदावर पेन्सिलीने लिहायचा आणि पंचिंग रूममध्ये द्यायचा. तिथल्या पंच ऑपरेटर तो कार्डांवर उतरवायच्या. मग दुसरी ऑपरेटर तोच मजकूर दुसऱ्या मशीनवर पुन्हा टाइप करून ताडून पाहायची. एका ओळीला एक कार्ड. सगळ्या कार्डांचा मिळून ‘डेक’. डेक रीडरमध्ये लावायचा आणि उत्तर बहुतेकदा दुसऱ्या दिवशी प्रिंटआउटवर यायचं. एक स्वल्पविराम चुकला की आणखी एक दिवस गेला.

हा डेक फोरट्रान भाषेतला होता. फोरट्रान म्हणजे गणिती कामासाठी बनवलेली जुनी संगणकभाषा. तिचे नियम कडक. सूचना ७ ते ७२ या रकान्यांतच लिहायची. ७३ ते ८० कॉम्प्युटर वाचतच नाही, तिथे कार्डाचा अनुक्रमांक घालतात. आणि पहिल्याच रकान्यात इंग्रजी ‘सी’ असेल तर ते अख्खं कार्ड म्हणजे शेरा, माणसांनी माणसांसाठी लिहिलेला. यंत्र त्याला हात लावत नाही.

कार्डावर वर अक्षरं छापणारं पंचिंग मशीन काकांकडे नव्हतं, त्यामुळे सगळं भोकांवरूनच वाचायचं होतं. मी वही घेऊन बसले. पहिल्या कार्डाचा पहिला रकाना: ओळ १२ आणि ओळ ३. म्हणजे सी, शेरा. मग थोडी मोकळी जागा. पुढे ० आणि २, म्हणजे एस. १२ आणि ८, एच. ११ आणि ९, आर. १२ आणि ९, आय.

एस, एच, आर, आय. श्री.

चोपडीच्या पहिल्या पानावर किंवा लग्नपत्रिकेच्या माथ्यावर लिहितात तसा श्री! मी काकांना दाखवलं तर ते क्षणभर बघत राहिले. म्हणाले, “आमच्यात सगळेच घालायचे. यंत्राला अडत नव्हतं, आणि आम्हाला बरं वाटायचं.”

हेच कार्ड दूरच्या एखाद्या संग्रहालयात गेलं असतं तर तिथल्या जाणकाराने भोकं बिनचूक वाचली असती. चार अक्षरं मिळाली असती. पण ती तिथे का आहेत, हे काकांना विचारल्याशिवाय कळलं नसतं.

डेकच्या वरच्या कडेवर पेनाने ओढलेली एक तिरकी रेघही होती. मला वाटलं डाग असेल. काका हसले. डेक हातातून सांडला तर कार्डं पुन्हा लावायला ती रेघ. कार्डं ओळीत असली तर रेघ सरळ जाते, एक जरी चुकलं तरी तुटते. अनुक्रमांकही दहा-दहाने घातलेले होते: १०, २०, ३०. मध्ये नवी सूचना घालायची झाली तर १५ला जागा राहावी म्हणून. क्रमांक तपासताना १४० नंतर एकदम १६० लागलं. १५० नव्हतं.

हा इतिहास किती जुना आहे?

जुना नाही, म्हणूनच घाई आहे. देशातला पहिला डिजिटल कॉम्प्युटर १९५५ साली कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये बसला. तो ब्रिटनहून आलेला एचईसी-२एम. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी स्वतःच एक कॉम्प्युटर बांधला, आणि तो १९६० साली पूर्णपणे कामाला लागला. दोन वर्षांनी पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिलं.

टिफ्रॅकची स्मृती म्हणजे तारांत ओवलेले फेराइटचे बारीक मणी. एक मणी म्हणजे एक ‘बिट’, हो किंवा नाही एवढंच एक उत्तर. ४० बिटांचा एक शब्द, असे २,०४८ शब्द. म्हणजे ८१,९२० मणी. आजच्या मापात १० किलोबाइट. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा सुप्रभातचा फोटो त्याच्या दहापट सहज भरतो. त्या १० किलोबाइटवर आपल्या शास्त्रज्ञांनी खरी गणितं सोडवली.

१९६३ साली कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० आला आणि तिथल्या अभ्यासक्रमांतून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची पहिली मोठी पिढी तयार झाली. त्या वर्षी २२ वर्षांचा असलेला अभियंता आज ऐंशीच्या पुढे आहे. रामायणाच्या पोथीला लिहिणारा कधी भेटणार नाही. या कार्डांचा लिहिणारा मात्र शेजारी चहा पितोय, आणि हे फार काळ राहणार नाही.

निवृत्त माणसांवाचून अडतं का?

अडतं, आणि ते दाखवून देणारी उदाहरणं आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये शत्रूचे गुप्त संदेश फोडण्यासाठी टॉमी फ्लॉवर्स यांनी ‘कोलोसस’ हे यंत्र बांधलं. युद्धानंतर यंत्रं मोडली आणि कागद जाळण्याचे हुकूम निघाले. १९९०च्या दशकात टोनी सेल यांनी ते पुन्हा उभं करायला घेतलं, तेव्हा हाताशी काय होतं? मोजके फोटो, आणि काही अभियंत्यांनी नियम मोडून घरी ठेवलेले सर्किटच्या नकाशांचे तुकडे. त्या तुकड्यांवरून आणि हयात अभियंत्यांच्या आठवणींवरून यंत्र पुन्हा उभं राहिलं आणि चाललं. नकाशाचा कागद न जाळता खिशात घालणाऱ्या त्या अनामिक माणसांचे आपण सगळ्यांनी आभार मानायला हवेत.

दुसरं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. १९६६-६७ साली ‘लुनर ऑर्बिटर’ यानांनी चंद्राचे फोटो पाठवले आणि ते चुंबकीय फितींवर उतरले. फिती टिकल्या, पण त्या वाचणारी यंत्रं जगातून जवळजवळ नाहीशी झाली. नासाच्या संस्थेत काम केलेल्या नॅन्सी इव्हान्स यांनी ती अवजड यंत्रं स्वतःच्या घराच्या आवारात वर्षानुवर्षं सांभाळली. २००८च्या सुमारास बंद पडलेल्या एका मॅकडॉनल्ड्सच्या जागेत ती यंत्रं नव्याने जुळवली गेली, आणि पूर्वी कधी दिसले नव्हते इतके स्पष्ट फोटो फितींतून निघाले. यंत्रं तर हवीच होती, पण त्यांची नस ठाऊक असलेला दुरुस्तीवालाही हवा होता.

कॅलिफोर्नियाच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये १९५९चं आयबीएम १४०१ आज चालू आहे. ते चालू केलं ते आयबीएममधूनच निवृत्त झालेल्या अभियंत्यांनी.

“पण सगळं इंटरनेटवर असतंच की!”

बरंच आहे, आणि ते आपण वापरायला हवं. ‘बिटसेव्हर्स’ या संग्रहात जुन्या कॉम्प्युटरची माहितीपुस्तकं पानन्‌पान स्कॅन केलेली आहेत. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ १९९६पासून चालू आहे आणि तिथे कोणीही विनामूल्य खातं उघडून कागदपत्रं ठेवू शकतं. ‘सिमएच’ हा एम्युलेटर आहे. एम्युलेटर म्हणजे आजच्या कॉम्प्युटरला जुन्या कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल करायला लावणारा प्रोग्रॅम. तो उतरवून घेतला तर कानपूरला होता त्या आयबीएम १६२०ची नक्कल तुमच्या लॅपटॉपवर चालते. माझ्या भाच्याने ती चालवून पाहिली, दुपारभर हलला नाही.

आपल्याकडे प्रा. व्ही. राजारामन यांनी भारतातल्या संगणनाचा इतिहास नीट लिहून ठेवला आहे. इन्फोसिसचे सहसंस्थापक क्रिस गोपालकृष्णन यांच्या पुढाकाराने भारतीय आयटी उद्योगातल्या जुन्या जाणत्यांच्या मुलाखती ध्वनिचित्रमुद्रित झाल्या आणि त्या विनामूल्य पाहता येतात. मोठं काम आहे. पण त्यांत शास्त्रज्ञ, संस्थापक, धोरण ठरवणारे असे लोक येतात. पंचिंग रूममधली ऑपरेटर, रात्रपाळीचा दुरुस्ती अभियंता, प्रिंटरची शाई बदलणारा मदतनीस यांच्यापर्यंत कोण जाणार? त्यांच्या घरचा पत्ता आपल्यालाच ठाऊक असतो.

“यंत्रं परदेशी, मग इतिहास आपला कसा?”

हा प्रश्न मला खूपदा विचारतात. माझं उत्तर असं: यंत्र परदेशी असलं तरी ते चालवण्याचा खटाटोप इथला होता. थंड हवेच्या खोलीसाठी बनवलेली यंत्रं मे महिन्याच्या बडोद्यात चालवायची, वीज गेली की अर्धवट राहिलेलं काम पुन्हा उभं करायचं, सुटा भाग परदेशातून यायला महिने लागतात तर तोवर काय लावायचं? यातलं काही माहितीपुस्तकात नाही.

१९७८ साली आयबीएम भारतातून बाहेर पडली. देशभर विखुरलेल्या तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. बनवणारा निघून गेला आणि यंत्रं चालू ठेवायची! तेव्हा कोणी काय जुगाड केले, कुठला भाग कुठून मिळवला, हे त्या अभियंत्यांनाच ठाऊक. माझ्या मते भारतीय कॉम्प्युटरच्या इतिहासाचं सगळ्यात अस्सल पान हेच आहे, आणि ते बहुतेक कोरं पडलंय.

शिवाय माणसांना वाटलेल्या कॉम्प्युटरच्या भीतीचा आणि त्यांनी केलेल्या विरोधाचाही इतिहास असतो. १९६०च्या दशकात कलकत्त्यात एलआयसीच्या कर्मचाऱ्यांनी नोकऱ्या जातील म्हणून कॉम्प्युटरविरुद्ध मोठं आंदोलन केलं. आज एआयमुळे नोकरी जाईल का, असं आपली मुलं विचारतात. त्या आंदोलनात उभं राहिलेल्या माणसाशी त्यांची गाठ घालून द्यायला हवी.

“म्हातारपणीच्या आठवणींवर भरवसा कसा ठेवायचा?”

आंधळा ठेवायचाच नाही. इथे बडोद्याकडेच एक धडा आहे. आपल्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने १९५१ साली वाल्मीकी रामायणाच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि १९७५पर्यंत सातही कांडं छापून पूर्ण केली. वेगवेगळ्या लिप्यांतल्या, वेगवेगळ्या प्रांतांतल्या पोथ्या शेजारी-शेजारी ठेवून शब्दन्‌शब्द ताडून पाहिला. कुठलीच पोथी एकटी प्रमाण मानली नाही, आणि पाठभेद खाली टीपेत जपून ठेवले.

आठवणींचंही तसंच करावं. साल विचारलं तर माणूस हमखास चुकतो. काकांनी डेकचं साल आधी १९६९ सांगितलं, मग १९७२. पण हातांनी काय केलं ते विचारा, ते चुकत नाहीत. डेक रीडरमध्ये लावण्याआधी कडा कशा झटकायच्या, ते त्यांनी पत्त्यांच्या कॅटासारखं करून दाखवलं. बोटं आपोआप चालली. सालासाठी कागद शोधा, कृतीसाठी माणूस. दोघांनी वेगळं सांगितलं तर दोन्ही नोंदवा.

आपल्या मराठी फायलींचं काय?

आपण कधी भोकांचं कार्ड पाहिलं नाही, मग आपला काय संबंध, असं वाटत असेल तर १९९०च्या दशकातली एखादी मराठी फाइल उघडून पाहा. आमच्या इथल्या एका मंडळाच्या १९९६च्या स्मरणिकेची सीडी मिळाली. उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी.

कारण सोपं आहे. कॉम्प्युटर अक्षर ओळखत नाही, फक्त क्रमांक साठवतो. तेव्हाचे बहुतेक मराठी फाँट इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक वापरून त्यांवर देवनागरी चित्रं चढवायचे. तो फाँट असेल तर मराठी दिसतं, नसेल तर खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक दिला. ‘क’चा २३२५. १९९१च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, आणि तिची मांडणी आपल्याकडच्या ‘इस्की’ या मानकावर बेतलेली होती. तरी डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवण्याच्या, दुकानांत जुने फाँट पुढे कित्येक वर्षं चालले.

ती स्मरणिका शेवटी वाचता आली, कारण रावपुऱ्यात डीटीपी करणारे एक गृहस्थ भेटले. त्यांनी त्या खिचडीची पहिली ओळ पाहिली आणि फाँट कुठला ते सांगितलं. बघता बघता जुळवलं. तेही आता दुकान मुलाकडे सोपवून बसलेत.

घरात असं काही सापडलं तर

जुनं यंत्र असेल तर ‘चालतंय का बघू’ म्हणून प्लग लावू नका. आतले कपॅसिटर वर्षानुवर्षांत खराब होतात आणि वीज मिळताच फुटू शकतात. एखाद्या चिपवर कागदी पट्टी चिकटवलेली असेल तर ती काढू नका. तिच्याखाली काचेची खिडकी असते आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी आतला प्रोग्रॅम हळूहळू पुसला जातो. गठ्ठ्यांची रबरं मात्र काढा, ती वितळून कागदाला चिकटतात. कसर लागलेली पानं वेगळी ठेवा. क्रम बदलण्याआधी खोकं आहे तसं फोटोत घ्या. कागदाच्या दोन्ही बाजू स्कॅन करा, मागची कोरी वाटली तरी. एक प्रत घरी, दुसरी वेगळ्या गावी.

कंपनीची गुपितं असतील का? पन्नास वर्षांपूर्वीच्या हिशेबात गुपित फारसं उरत नाही, पण माणसांचे पगार, पत्ते, आजारपणाच्या नोंदी असतील तर त्या इंटरनेटवर टाकू नयेत. शंका असेल तिथे आधी विचारावं.

आणि बोलतं करायचं असेल तर “तुमचा अनुभव सांगा” म्हणू नका. त्यावर सगळे भाषण करतात. “मशीन पहिल्यांदा बंद पडलं त्या दिवशी काय केलंत?” असं विचारा. फोन रेकॉर्डिंगला लावून शेजारी ठेवा आणि वस्तू त्यांच्या हातात द्या. मधे बोलू नका, गप्प बसलं की पुढचं येतं.

काकांबरोबर माझ्या अशा चार दुपारी झाल्या. चौथ्या दुपारी चहा घेऊन आलेल्या काकू सहज म्हणाल्या, “ही कार्डं मी कितीतरी वापरलीत. मागची बाजू कोरी असायची ना!” आणि आत जाऊन देव्हाऱ्याच्या खणातून एक कार्ड घेऊन आल्या. पाठीवर निळ्या शाईत दुधाचा महिन्याचा हिशेब, दोन खाडे गोल करून दाखवलेले. उलटं करून मी ७३व्या रकान्यापासूनचा अनुक्रमांक भोकांवरून वाचला. १५०.

दोन्ही बाजू स्कॅन करून घेतल्या.